एक थाप म्हणजे थांब

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. पण ही माझ्या घरातल्या बाईवर बेतलेली गोष्ट आहे, आणि ती बाई उगाच घाबरणाऱ्यांतली नाही.

ही अमावस्येच्या रात्रीची गोष्टही नाही. भर दुपारची आहे. गेल्या वर्षीचा मे महिना, मुरुम गावाबाहेरचं एक डाळीचं गोदाम, आणि ऊन असं की कुत्रं सावली सोडेना.

करिश्मा माझी चुलत वहिनी. माहेरी मेंढरं राखली, सासरी ट्रॅक्टर चालवला. नवरा गेल्यावर तिनं जिद्दीनं ट्रकचं लायसन काढलं.

"बाईमाणूस, आन ट्रकवर?" दीर म्हणाले.

"व्हय. ट्रकवर."

पण लायसन मिळालं म्हणून स्टेअरिंग मिळत नाही. आधी जुन्या ड्रायव्हरच्या हाताखाली राहायचं. त्याला उस्ताद म्हणायचं. गाडी धुवायची, चहा आणायचा, शिव्या खायच्या. उस्तादानं मालकाला 'व्हय' म्हटलं तर गाडी हातात, नाहीतर बसा घरी.

तिचा उस्ताद शांतलिंग. साठीला टेकलेला, अंगानं थोराड. पहिल्याच दिवशी त्यानं सगळ्यांसमोर पाय लांब केले.

"दाब."

"गाडी शिकायला आले, उस्ताद. पाय दाबायला न्हाय."

बाकीचे ड्रायव्हर खो खो हसले. शांतलिंग हसला नाही. पुढं कितीतरी दिवस त्यानं तिला स्टेअरिंगला बोटसुद्धा लावू दिलं नाही.

तिला दिलं ते थापेचं काम.

ट्रक मागं घेताना एक माणूस मागं उभा राहतो आणि फाळक्यावर, म्हणजे ट्रकच्या मागच्या झडपेवर, हातानं थाप मारतो. दोन थापा म्हणजे येऊ दे. एक थाप म्हणजे थांब. हे काम कायम नव्या माणसाचं.

करिश्मा एक थाप मारायची... आणि ट्रक थांबायचा नाही. आणखी हातभर मागं यायचा. ती उडी मारून बाजूला व्हायची.

"उस्ताद, थाप ऐकू येत न्हाय का तुमाला?"

"येती की. नवं माणूस भितं, आधीच थाप मारतं. म्हणून नव्याची थाप हातभर उशिरा मानायची. आमाला असंच शिकवलं, आमी बी असंच शिकवतो."

"आन एखाद्या दिवशी खरंच जागा नसली तर?"

शांतलिंगनं खिडकीतून पिंक टाकली.

उत्तर दिलं ते तारामतीबाईंनी. गोदामाच्या फाटकाशी त्यांची चहाची टपरी आहे. त्या दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "मल्हार नाव हुतं त्याचं. तुज्यावानीच नवा, शांतलिंगाच्याच हाताखाली. माल चढवायच्या ह्याच ओट्यापाशी उभा हुता. एक थाप मारली त्यानं, म्या हितनं ऐकली. गाडी हातभर मागं गेली..."

बाईंनी स्टोव्ह बारीक केला.

"जागा नव्हती गं, बाय."

करिश्माला भीती नाही वाटली. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तशीच ती ट्रकपाशी गेली आणि ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं.

"आज गाडी मी लावणार."

शांतलिंगनं तिच्याकडं बघितलं. का कुणास ठाऊक, मुकाट्यानं पलीकडं सरकला.

"लाव. ओट्याला घासली तर उद्यापासून येऊ नगंस."

हमाल जेवून लिंबाखाली आडवे झाले होते. मागं कुणी नव्हतं. दोन्ही आरशांत नुसतं गोदामाचं आवार आणि ऊन. तिनं रिव्हर्स टाकला. ट्रक हळूहळू मागं निघाला.

आणि...

थप्प.

एकच.

तिनं ब्रेक दाबला.

"का थांबलीस?" शांतलिंग खेकसला.

"थाप आली."

"मागं कुणी हाय का? घे मागं!"

त्याच्या कपाळावर घाम होता. त्यानंही ऐकली होती, हे तिला कळून चुकलं.

"थाप आली की गाडी थांबणार, उस्ताद. कुणाची बी असू दे."

ती उतरून मागं गेली. फाळका आणि ओटा यांच्यात जेमतेम वीतभर जागा होती. तिथल्या मऊ धुळीत तिच्या चपलांशिवाय एकही पाऊल नव्हतं.

गाडी जरा तिरकी लागली होती. पुढं घेऊन पुन्हा लावायला हवी होती. ती केबिनमध्ये आली, तर शांतलिंग जागेवर नव्हता. पलीकडचं दार उघडं. रागानं चहाला गेला असेल, असं तिला वाटलं. तिनं गाडी चांगली पुढं घेतली, सरळ केली आणि परत रिव्हर्स टाकला.

थप्प. थप्प.

येऊ दे.

ती थोडी मागं आली.

थप्प. थप्प.

आता जरा घाईनं.

झाडावरचे होले घुमायचे थांबले होते. हमालांचं घोरणंही ऐकू येईना. सगळ्या आवारात तेवढाच एक आवाज...

थप्प थप्प. थप्प थप्प. थप्प थप्प.

तिनं टपरीकडं बघितलं. तारामतीबाई एकट्याच होत्या. लिंबाखाली बघितलं. नुसते हमाल.

मग उस्ताद कुठं आहे?

तिचा पाय ब्रेकवर गच्च बसला. तिनं इंजिन बंद केलं.

थापा थांबल्या नाहीत... बंद गाडीचा फाळका कुणीतरी बडवत होतं.

"न्हाय!" ती ओरडली. "लांडग्यासमोर मेंढरं राखली म्या. तुला भिऊ व्हय? मल्हार, तुज्यावर अन्याव झाला, मान्य. पण हे माज्या हातानं करून घ्यायचं न्हाय!"

सगळं गप्प झालं.

ती धावत मागं गेली.

गाडीच्या बरोबर मधोमध, जिथं आरसा पोचत नाही, तिथं शांतलिंग उभा होता. ओट्याला पाठ टेकून. दोन्ही हात खाली सोडलेले. फाळका त्याच्या छातीपासून हातभर लांब होता.

"उस्ताद! बाजूला व्हायला काय झालं हुतं?"

त्यानं कोरडे ओठ चाटले.

"दोन थापा आल्या. म्याबी ऐकल्या." मग तक्रार केल्यासारखा पुटपुटला, "मग थांबलीस का?"

करिश्मानं त्याला दंडाला धरून बाजूला ओढलं. "तुमच्या सांगण्यावरून मी माणूस चेंगरणार न्हाय, आन त्याच्याबी न्हाय. जावा, मालकाला काय सांगायचं ते सांगा."

शांतलिंगनं मालकाला एवढंच सांगितलं की गाडी बाईला द्या. त्यानंतर तो ट्रकवर चढला नाही. आपण होऊन तिथं उभा राहिला की कुणी उभं केलं, हे त्यानं कुणालाच सांगितलं नाही.

करिश्मा आता उमरग्याहून हैदराबादला माल नेते. तिच्या हाताखाली एक नवी मुलगी आहे, आणि तिची थाप पडली की ट्रक जागच्या जागी थांबतो. जुने ड्रायव्हर टोमणे मारतात. ती त्यांना भीक घालत नाही.

दिवाळीत ती घरी आली, तेव्हा न राहवून मी विचारलं, "वहिनी, ती थाप... पुन्हा आली कधी?"

"येती की. पोरगी संगं नसली की येती. कुठं बी, हैदराबादला सुदिक."

"एक का दोन?"

"दोन. दर वेळी दोनच." ती चहा ओतत होती. "पण मी एकदा बी मानली न्हाय. इंजिन बंद करती, खाली उतरती, मागं जाऊन बघती."

"मग?"

तिनं कप माझ्यापुढं सरकवला.

"अजून तरी मागं कुणी नसतं."