मटारची रेषा

ऋजुताने तक्रार केलीच नव्हती, तरी फ्रिजवाला दारात उभा होता.

"फ्रिज आवाज करतोय ना?" त्याने विचारलं. खांद्याला हत्यारांची पिशवी, आणि लिफ्ट बंद असल्याने लागलेला दम.

फ्रिज खरंच आवाज करत होता. गेले पंधरा दिवस… खर्र… खर्र… खर्र! देव कधीकधी न मागताही देतो, असं म्हणत तिने त्याला सरळ स्वयंपाकघरात नेलं. ठाकुर्लीच्या त्या सोसायटीत बी आणि सी विंग जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. त्याला जायचं होतं सी विंगमधल्या पायल मॅडमकडे, हे दोघांच्याही लक्षात आलं ते फ्रिजर उघडून झाल्यावर.

"च्यायला… सॉरी मॅडम! मी चुकून आलोय."

"चुकून का होईना, आलात ना! आता बघूनच जा."

त्याचं नाव देवेश. दार उघडल्याबरोबर फ्रिज शहाण्यासारखा गप्प झाला होता.

"बघा! कुणी आलं की लगेच गप्प. मी एकटी असले की सुरू!" ऋजुताने कुरकुर केली.

"दार उघडलं की पंखा थांबतोच, मॅडम. हे बटण आहे ना…" त्याने दाराच्या कडेचं बारकं बटण अंगठ्याने दाबून धरलं. आतून खर्र सुरू झालं. "बर्फाच्या कप्प्यामागचा पंखा आहे. पात्यांना बर्फ लागतोय."

मग त्याने आत हात घालून एक पिशवी ओढली. सोललेले मटार. तिच्यामागून दुसरी, तिसरी… थेट आठवी.

"ह्या जाळीला टेकल्या की हवा अडते. मग मागे बर्फ धरतो. कितीजण आहेत घरात?"

"मी."

"आणि?"

"आणि… मीच."

लोक यावर लगेच चुकचुकतात. तो चुकचुकला नाही. "मग मटार जरा जास्तच झालेत," एवढंच म्हणाला. ऋजुताला हसू आलं, आणि आपण बऱ्याच दिवसांनी घरात मोठ्याने हसलो, हेही तिला जाणवलं.

दर जानेवारीत हॉलमध्ये पेपर पसरून आई, बाबा आणि ती दहा किलो मटार सोलायचे. दाणे कमी, गप्पा जास्त. गेल्या पावसाळ्यात नातीला सांभाळायला आईबाबा दादाकडे पुण्याला गेले ते तिकडचेच झाले. यंदा मटार ऋजुताने एकटीने सोलले. तीन संध्याकाळी, टीव्ही मोठ्याने लावून. एवढे कुणासाठी, हे तिने स्वतःला विचारलं नाही. विचारलं असतं तर रडू आलं असतं.

देवेशने फ्रिज बंद केला, खाली जुने टॉवेल अंथरले. मटार शेजारच्या काकूंच्या फ्रिजरमध्ये गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो परत आला तेव्हा सगळा बर्फ वितळला होता. त्याने फ्रिज सुरू केला, तर पंखा बिनआवाजाचा फिरू लागला. त्याने मार्कर काढला आणि फ्रिजरच्या आतल्या पांढऱ्या भिंतीवर ठळक काळी रेषा मारली.

"मटार ह्या रेषेच्या आत. पलीकडे एक दाणासुद्धा नको!"

"आणि गेला तर?"

"तर मला यावं लागेल," तो म्हणाला, आणि उगाचच मार्करचं टोपण शोधू लागला.

"बसा," म्हणत तिने त्याला चहा दिला आणि विचारलं, "तुमच्या घरी कुठला फ्रिज आहे?"

"फ्रिजच नाही! आई गावाला, मी आंबिवलीला. एकट्याला काय करायचाय?" तो हसत बोलला, पण बघत होता कपात. त्या एका वाक्यात ऋजुताला त्याची सगळी खोली दिसली. एक ताट, एक वाटी, आणि बोलायला कुणी नाही.

तो गेला, आणि घर फारच शांत झालं. पंधरा दिवस ती त्या खर्रखर्रीवर ओरडायची, "झालं का तुझं सुरू?" आता ओरडायलाही कुणी उरलं नाही. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या ती मोजू लागली. पाचव्या दिवशी तिने फ्रिजर उघडला, मटारची एक पिशवी उचलली, आणि रेषेच्या पलीकडे, जाळीला अगदी चिकटवून, नीट उभी केली.

बर्फ धरायला सहा दिवस लागले. प्रेमात पडलेल्या माणसाला सहा दिवस म्हणजे काय, ते ज्याचं त्याला ठाऊक!

खर्र ऐकू येताच तिने फोन लावला. देवेश आला. त्याने फ्रिजर उघडला, पिशवी पाहिली, रेषा पाहिली. मग तिच्याकडे पाहिलं… आणि पुन्हा फ्रिजरकडे.

"मोटर गेलेली दिसते," तो गंभीरपणे म्हणाला. "पार्ट कल्याणहून आणावा लागेल. रविवारी सकाळी येतो."

"नक्की या हं," ती म्हणाली, आणि स्वतःच लाजली.

शनिवारी बाबांचा फोन आला. "अगं, एका माणसाला एवढा फ्रिज कशाला? गिऱ्हाईक मिळालंय. उद्या चार वाजता घेऊन जातील. तूही महिनाअखेर इकडे ये. काम काय, घरूनही करता येतं तुला."

सगळंच खरं होतं. 'इथे माझं कुणीतरी आहे' असं म्हणावं, तर कुणाच्या जिवावर? तिने "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला.

रविवारी देवेश आला तो इस्त्रीचा शर्ट घालून.

"फ्रिज आज चालला," तिने दारातच सांगून टाकलं. "चार वाजता. आणि नंतर मीही… पुण्याला."

तो पिशवीचा पट्टा धरून तसाच उभा राहिला.

"मग… पार्ट नको?"

"आणलाय तर दाखवा तरी."

त्याने पिशवी उघडली. आत मोटर नव्हती. हिरवेगार, शेंगांसकट मटार होते. चांगले दोन किलो.

"हा पार्ट?"

"कल्याणहूनच आणलाय," तो खाली मान घालून म्हणाला. "मोटर गेलेलीच नव्हती. खोटं बोललो मी."

"पिशवी मीच सरकवली होती."

"माहितीये. चुकून ठेवलेली पिशवी एवढी नीट उभी नसते."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"बोललो असतो तर परत यायला कारण उरलं नसतं." त्याने मान वर केली. "दिवसभर लोकांच्या स्वयंपाकघरात असतो मी. बसा, असं कुणी म्हणत नाही. तुम्ही म्हणालात. मला… आवडता तुम्ही. जायच्याच असाल तर जा, पण हे ऐकून जा."

ऋजुताच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने कालचा पेपर हॉलमध्ये पसरला.

"बसा," ती म्हणाली.

तो बसला. पहिली शेंग तिने सोलली, दुसरी त्याने. त्याचे निम्मे दाणे सोफ्याखाली गेले, तेव्हा ती खळखळून हसली. मग तिने पुण्याला फोन लावला.

"बाबा, त्या लोकांना येऊ नका म्हणून सांगा. फ्रिज विकायचा नाही. मीही इथेच राहतेय."

"अगं, पण एका माणसाला एवढा—"

"बाबा," ती देवेशकडे बघत म्हणाली, "एकच माणूस आहे, असं कुणी सांगितलं तुम्हाला?"