ग्रोवात्नच्या तळ्यावरचे चर

दार नीट लाव गं सिनोवे, वारा आत येतोय. तुमचं स्कीला मेण घासणं चालू राहू दे, मी बोलतो. मघाशी विचारत होतात ना, स्कीची वाट सरळ गोठलेल्या तळ्यावरून न घालता जंगलातून एवढा वळसा कशाला? ऐका मग. हालवार माझा मेहुणा. त्याच्यावर गुदरलेली गोष्ट आहे. शेवटचं तेवढं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

गेल्याच्या गेल्या वर्षीचा फेब्रुवारी, दुसरा शुक्रवार. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरांची स्कीची शर्यत होती. ओस्लोहून नातवंडं आलेली, घराघरात वॉफलचं पीठ कालवून ठेवलेलं. आणि त्या हिवाळ्याचं तर काही खरंच नव्हतं. आज गुडघाभर बर्फ, उद्या पाऊस, परवा सगळं गोठून काच. हालवार बिचारा बर्फगाडी फिरवून वाट दाबायचा, मागच्या फळीनं स्कीचे दोन चर पाडायचा, आणि पाऊस येऊन सगळं धुऊन न्यायचा. वर लोकांचे टोमणे. त्या दिवशी दुकानात एकानं विचारलंच, "काय हालवार, उद्या स्की आणू की गमबूट?"

"दोन्ही आण," हालवार म्हणाला. "आणि बुडालास तर हाक मार."

सगळे हसले. मग एकेक जण सामान उचलून निघाला. बुडालेला माणूस सगळ्यांनाच आठवला.

स्वेनुंग. हालवारच्या आधी वाट तोच घालायचा. हालवारला हे काम त्यानंच शिकवलं. असाच लहरी हिवाळा होता, अशीच शर्यतीची आदली रात्र. जंगलात बर्फ पुरेना म्हणून गाडी घेऊन तळ्यावर गेला, आणि गाडीसकट खाली गेला. वसंतात गाडी सापडली. स्वेनुंग नाही सापडला.

तर त्या शुक्रवारी संध्याकाळी थंडी पडली. मासे-बटाटे खाऊन हालवार उठला. "जंगलातली वाट दाबून येतो," बायकोला म्हणाला. "कॉफी ठेव."

एल्ड्रिडनं विचारलं, "तळ्याकडे नाही ना जाणार?"

"वेड लागलंय का मला?"

गेला. पण जंगलात दैना. जागोजागी मुळं वर आलेली, दगड उघडे. गाडी थांबवायची, फावड्यानं झाडांखालचा बर्फ ओढून आणायचा, पसरायचा, दाबायचा. मध्यरात्र झाली तरी निम्मी वाट बाकी. हात भरून आले. त्यात धुकं उतरलं, भुरभुर बर्फ पडू लागला.

तळ्याकडे फाटा फुटतो ना, तिथं गाडीच्या उजेडात त्याला चर दिसले. दोन. ताजे. दोरी लावून काढल्यासारखे सरळ. आणि खाली तळ्याकडे गेलेले.

त्याला वाटलं, शेजारच्या गावातलं कुणीतरी मदतीला आलंय. गाडी घेऊन तळ्यावर गेलंय म्हणजे बर्फ धरलाय, वजन पेलतोय. आणि तळ्यावर केवढा बर्फ! सपाट, पांढरा, हवा तेवढा. फावडं नको, काही नको. पोरांची शर्यत होईल.

तो चर धरून काठापर्यंत गेला. तिथं मात्र गाडी बंद केली. खाली उतरला. ऐकू लागला.

धुक्यात लांब कुठंतरी फळी घासत होती. खर्र... खर्र... इंजिनाचा आवाज नाही. नुसती फळी.

तेवढ्यात फोन वाजला. एल्ड्रिड. तुम्हाला माहितीय, गाडी कुठं फिरतेय ते फोनमधल्या नकाशावर सगळ्या गावाला दिसतं. तीही बघत बसली होती.

"हालवार, तळ्यावर का गेलास रे?" आवाज रडवेला.

"कुठं गेलोय? काठावर उभा आहे."

"खोटं बोलू नकोस. मला दिसतोयस. पार मध्यावर आहेस."

"एल्ड्रिड, गाडी बंद आहे. मी गाडीला हात लावून उभा आहे."

तिनं पुन्हा नकाशा पाहिला.

मग ती हळूच म्हणाली, "ठिपका चालतोय..."

"कुठं?"

"वळला... हालवार... तो काठाकडे येतोय. तुझ्याकडे."

खर्र... खर्र...

जवळ आलं. आणखी जवळ. उजेड नाही. धुकं. ओल्या लोकरीचा वास.

थांबलं.

"ये..." धुक्यातून कुणीतरी म्हणालं. "धरलाय बर्फ."

आवाज ओळखीचा होता. ज्यानं काम शिकवलं, त्याचाच. रागाचा नाही, दटावणीचा नाही. प्रेमानं बोलावत होता. हालवार म्हणतो, भीती वाटली असती तर बरं झालं असतं. त्याला जावंसं वाटलं. एक पाऊल टाकलंही त्यानं.

पायाखाली बर्फ कण्हला... लांबच लांब...

फोनमध्ये एल्ड्रिड किंचाळली. तिनंही ते ऐकलं होतं. हालवारनं मागे अंग टाकलं आणि उठून पळत सुटला. गाडी तिथंच. टोपी कुठं पडली पत्ता नाही. मागे वळून पाहिलं नाही. घरी पोचला तेव्हा एल्ड्रिड अंगणात उभी होती, पायांत नुसते मोजे. तिनं त्याला आत ओढलं, दाराला कडी घातली. फोन उघडून पाहिला तर नकाशात तळं कोरं. ठिपका नाही, वाट नाही.

रातोरात शर्यत रद्द. लोक कुरकुरले. पोरं हिरमुसली, पण वॉफल खाऊन पांगली.

उजाडल्यावर गाडी आणायला हालवारबरोबर मी गेलो. बर्फ रात्रभर पडत होता, आमच्या गाडीवर वीतभर साचलेला. काठापासून पुढं थोडा बर्फ, आणि मग काळं पाणी. पार मध्यापर्यंत उघडं. दोन्ही चर सरळ त्या पाण्यात गेलेले.

हालवारनं माझा दंड धरला. नुसतं बोट दाखवलं.

पलीकडच्या काठावर तेच चर पाण्यातून वर निघाले होते. तसेच सरळ. जंगलात शिरले होते. आम्ही वळसा घालून तिथं गेलो, वाकून पाहिलं. सगळीकडे वीतभर नवा बर्फ... आणि त्या चरांत एक कणही नव्हता.