अकरा ओहम

दुकानात शिरल्या शिरल्या त्याने मोटर माझ्या टेबलावर ठेवली. "ही तुम्ही भरलीत? हिच्या पाटीवर एक लिहिलंय आणि आत भलतंच आहे."

"जळून आली होती. जळकी तार काढून हाती होती त्या तारेत भरली," मी वार्निशचा ब्रश न थांबवता म्हटलं. "फिरते ना?"

"फिरते, पण वेग धरत नाही. लोड आला की दबते, तापली की आणखीच. तिचा वेग सांभाळणारा माझा कंट्रोलर पाटीवरच्या आकड्यांवर चालतो."

"पाटी वाचून माणूस कळत नाही, तिथे मोटर काय कळणार."

भांडायला आलेला माणूस हसला... आणि माझी पंचाईत झाली.

मग रोज संध्याकाळी स्वारी हजर. मोटर सुरू करायची, लॅपटॉप उघडायचा. चालता-चालता करंट आणि व्होल्टेज बघून मोटरचे आकडे स्वतःच ओळखेल, तापली तरी वेग ढळू देणार नाही, असा प्रोग्रॅम तो लिहीत होता. तोवर आकडे मला विचारून वहीत उतरवायचा.

"मोटर एक आणि खेपा दहा," बाबा कॉईल बांधता बांधता पुटपुटले.

"बाबा, तुम्ही कामाकडे बघा."

एकदा तो प्रोग्रॅम जमला की माझं काम संपणार, आणि हा काही परत यायचा नाही. म्हणून मी रोज विचारायची, "जमलं?" आणि "अजून थोडं..." ऐकलं की जीव भांड्यात पडायचा. मेली लाजही वाटायची.

पण मंगळवारपासून त्याने लॅपटॉपचं तोंड स्वतःकडे वळवून घेतलं. मोटर मात्र आता लोड टाकला तरी एका सुरात फिरत होती. माझे कान काही फुटलेले नाहीत.

शनिवारी त्याने विचारलं, "गार असताना रेझिस्टन्स किती?"

खरा होता दोन पॉइंट आठ. मी शांतपणे म्हटलं, "अकरा ओहम."

त्याने मुकाट्याने अकरा लिहिलं. बाबांना ठसका लागला.

"तुमचा प्रोग्रॅम काय म्हणतो?" मी विचारलं.

त्याचे कान लाल झाले. "दोन पॉइंट आठ."

"कधीपासून?"

"मंगळवारपासून."

"मग चार दिवस काय लिहिताय?" मी वही ओढून घेतली. बुधवार – विचारायचंच. गुरुवार – विचारायचंच. शुक्रवार – आज नक्की. शनिवार – अकरा.

तो मोटरकडे बघत म्हणाला, "ही तर कधीच ठीक झाली. मला तुम्ही आवडता... यायला दुसरं निमित्त सापडेना."

मी त्याच्या हातातलं पेन घेतलं, वार्निशच्या बोटांनी अकरा खोडलं आणि तिथे लिहिलं – हो.

"मोटर घेऊन जा आता," बाबा म्हणाले. "उद्या रिकाम्या हाताने या."