थंड कूलर आणि तापलेलं कार्ड

"गेला! परत गेला!" ताई खुर्चीतून उठली आणि खोलीभर येरझारा घालू लागली.

कॉम्प्युटरचा पडदा काळाठिक्कर पडला होता. सुट्टीसाठी मामाकडे आलेली भिंगरी आणि तिचा मावसभाऊ चष्मा हातातले पत्ते टाकून धावले. ताई ही मामाची मुलगी. वर्षभर खपून तिने एका कासवाची छोटी ॲनिमेशन फिल्म केली होती. आज सहाच्या आत ती कलाशाळेला पाठवली नाही, तर प्रवेशाची संधी हुकणार होती. आणि शेवटचा भाग तयार होता होता कॉम्प्युटर मान टाकत होता.

"या दोघांनी गेम खेळून वाट लावली असणार," मामा दारातूनच म्हणाला. "परवाच मी कॉम्प्युटरच्या आतल्या, चित्रं तयार करणाऱ्या ग्राफिक्स कार्डला नवा कूलर बसवलाय. मूळचा पंखा किती कोकलायचा, आणि हा बघा, चकार शब्द नाही. माझ्या कामात खोट नाही. आणि आत कुणी हात घालायचा नाही, सांगून ठेवतो."

तो पेपर घेऊन बसला. भिंगरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गेमला तर त्यांनी हातसुद्धा लावला नव्हता. तिला एका जागी उभं राहवेना.

"ताई, परत चालू कर. आम्ही नुसतं बघतो."

काम सुरू झालं तसा पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा पळू लागला. कार्डचं तापमान ते. सत्तर, ऐंशी, नव्वद. चष्मा मात्र कॉम्प्युटरच्या डब्याच्या मागे हात धरून बसला होता.

"इथून गार वारा येतोय," तो पुटपुटला.

"मग चांगलंच आहे की."

"चांगलं कसलं? कार्डची उष्णता ओढून बाहेर टाकायची, हेच कूलरचं काम. मग ती उष्णता जाते कुठे?"

"जातच नाही," भिंगरी म्हणाली. "आतच अडकलीय."

पडदा पुन्हा काळा झाला. ताईचे डोळे भरून आले. डबा उघडायलाच हवा होता, पण तो मामानेच उघडायला हवा होता. भिंगरीने आवाजात साखर घोळली.

"मामा, तुझा कूलर किती थंड राहतो, ते चष्म्याला पटतच नाहीये. दाखव ना त्याला."

मामा पेपर टाकून आला. प्लग काढून त्याने डब्याचं झाकण उघडलं आणि कूलरच्या पत्र्यांवर ऐटीत बोट ठेवलं. "लाव हात. गारेगार. याला म्हणतात काम."

"पण मामा, आत्ताच कार्ड नव्वदवर होतं," चष्मा म्हणाला. "पत्रे गार कसे मग?"

मामाचं बोट तिथेच राहिलं. भिंगरीची नजर त्याच्या खिशातल्या नव्या फोनकडे गेली. कंपनीचं प्लॅस्टिक अजून तसंच होतं, कोपरे उचकटलेले. रिमोट पिशवीत, फ्रिजच्या दारावरही प्लॅस्टिक. या घरात नव्या वस्तूचं प्लॅस्टिक कुणी काढतच नसे!

"मामा, कूलरच्या तळालाही प्लॅस्टिक होतं का रे?"

"होतं की. ओरखडे पडू नयेत म्हणून मी ते..." मामाने झटकन स्क्रूड्रायव्हर उचलला.

मग एकच धांदल उडाली. स्क्रू निघाले, कूलर सुटला. तळावर, कार्डला टेकतो नेमक्या त्या जागी, उष्णता अडवणारा पारदर्शक पापुद्रा चिकटलेला होता. मामाने तो मुकाट्याने सोलला, कार्डची उष्णता कूलरकडे नेणारी जुनी पेस्ट पुसली, नवी थेंबभर लावली आणि कूलर पुन्हा आवळला. ताई घड्याळाकडे आणि मामाच्या हातांकडे आळीपाळीने बघत होती.

कॉम्प्युटर सुरू झाला. आकडा पासष्टवर जाऊन थांबला. डब्यामागून चष्मा ओरडला, "गरम वारा! मस्त गरम!"

सहा वाजायला थोडाच वेळ उरला असताना फिल्म पूर्ण झाली. ताईने ती पाठवली. 'मिळाली' असं उत्तर आलं, तेव्हा कुठे ती निवांत खुर्चीत टेकली.

"तुमच्यावर उगीच आळ घेतला," मामा मुलांना म्हणाला. "चूक माझी होती. तुम्ही नसता तर हिचं वर्ष माझ्या हातून गेलं असतं. शाबास रे पोरांनो." मग जरा घुटमळून तो ताईला म्हणाला, "काय केलंयस ते मी अजून बघितलंच नाही. लाव बघू."

ताईने फिल्म लावली. समुद्र शोधत निघालेलं कासव चालत राहिलं आणि शेवटी त्याच्या पायाला पहिली लाट लागली. मामाने बाहीने डोळे पुसले.

"परत लाव," तो म्हणाला.