अर्ध्यावर अडकलेला काटा

"लतीफभाई, माझी गाडी गेली."

दारात उभ्या असलेल्या तरुणाच्या केसांत कापसाचा भुसा अडकला होता. लूमवरून तो थेट इथे आला होता.

हे फेब्रुवारी १९९१ मधलं. भिवंडीत खाजगी तपासाची कामं घेणारा माणूस तेव्हा एकच होता, लतीफ फकी. विमा कंपनीसाठी जळालेल्या मालाची पाहणी करण्यात त्याची पंधरा वर्षं गेली होती. मग नोकरी सोडून त्याने सुताच्या दुकानावरची माडी भाड्याने घेतली. शेजारच्या कारखान्यातले लूम सुरू झाले की टेबलावरची काच थरथरायची. त्या काळी अख्ख्या गावाची छाती तशीच धडधडायची, आणि ती थांबली की लोकांची झोप मोडायची.

सोबतीला अंजूरचा पंढरी होता. लतीफची स्कूटर तो चालवायचा. त्याला गोष्ट उशिरा समजायची, पण एकदा समजली की विसरायचा नाही.

"बस," लतीफ म्हणाला. "नाव सांग. कोणती गाडी?"

"इद्रीस. लूमवर जॉबर आहे, बिघडलेले माग दुरुस्त करतो. लाल गाडी, दोन दारांची, कापडी टपाची. आधी खोतसाहेबांची होती."

पंढरी एकदम पुढे सरकला. "ती? आरं, ती गाडी अंजूरला आली का आमी पोरं मागं धावायचो! खोतसाहेब टप उघडून बसायचं. धूळ खायला पण मजा यायची."

"मीपण धावलोय," इद्रीस म्हणाला. "तेव्हाच ठरवलं होतं, एक दिवस हीच घेणार."

लतीफने त्याला पाणी दिलं. "सगळं क्रमाने सांग."

इद्रीसने खिशातून एक वही काढली. चार वर्षांचा हिशेब तिच्यात होता. चहा दिवसाला एकच, सिनेमा बंद, आठवड्याला दोन डबल ड्युटी. असे चौदा हजार साठले. बहीण सफिया घरी जरीकाम करायची, तिने चार हजार दिले. गाडीची किंमत बत्तीस हजार. उरलेले चौदा हजार त्याने बाळाराम शेठकडून हप्त्यावर उचलले. महिना हजार, असे अठरा हप्ते. गाडीचं नोंदणीचं पुस्तक शेठकडे गहाण.

"तीन हप्ते भरले. काल बुधवारी सकाळच्या पाळीला गाडी कारखान्याच्या मागे लावली. तीन वाजता बाहेर आलो तर जागा रिकामी. लूमच्या आवाजात इंजिन कोणाला ऐकू येणार?"

"चोरीची तक्रार दिलीस?"

"दिली. मग शेठकडे गेलो. ते म्हणाले, गाडी राहो न राहो, हप्ता चुकता कामा नये. कागदावर तसंच लिहिलंय. अजून पंधरा हजार! सफियाने स्वतःच्या लग्नाचे पैसे दिले होते, लतीफभाई. तिला मी तोंड कसं दाखवू?"

"कुलूप तोडलं? काच फोडली?"

"जमिनीवर काचेचा तुकडा नाही. पण एक गोष्ट कळतच नाही." इद्रीसने खिशातून अंगठ्याएवढा काळा तुकडा काढून टेबलावर ठेवला. "हा रोटर. हा काढला की इंजिनला ठिणगी मिळत नाही. मोरू मेकॅनिकने शिकवलं. गाडी लावली की मी हा काढून खिशात टाकतो. कालही खिशातच होता."

"म्हंजी ढकलून नेली," पंढरी म्हणाला.

"किंवा चोराने दुसरा रोटर सोबत आणला," लतीफ म्हणाला. "हा तुकडा आणखी कोणी पाहिलाय?"

इद्रीस आठवू लागला. "घरात सफियाने. मोरूने. आणि हो, गेल्या महिन्यात हप्ता भरताना खिसा रिकामा केला, तेव्हा हा शेठच्या टेबलावर पडला. त्यांनी विचारलं, मी सांगितलं. ते हसले. शहाणा आहेस म्हणाले."

लतीफ वही चाळत होता. "दर शुक्रवारी दोनच लिटर पेट्रोल?"

"तेवढंच बजेटमध्ये बसतं." इद्रीस ओशाळला. "गेल्या शुक्रवारी तर टाकी कोरडी होती. पंपापर्यंत ढकलत नेली. काटा बघून कळत नाही ना. दोन महिने झाले, तो अर्ध्यावरच अडकलाय. मोरू तीनशे मागतो, म्हणून राहिलंय. मीटर चालू आहे, त्यावरून किलोमीटर लिहून ठेवतो."

शुक्रवारपासूनच्या आकड्यांवर लतीफने बोट ठेवलं. वीस किलोमीटर. रविवारी सफियाला अंजूरपर्यंत फिरवून आणलं, त्यातच बरेचसे गेले होते.

"लिटरला किती देते?"

"बारा. त्याच्या वर कधीच नाही."

लतीफने वही मिटली. "पंढरी, स्कूटर काढ."

मोरूचं गॅरेज कल्याण रोडला होतं. बोनेटखालून डोकं काढत तो चिडूनच बोलला, "माझ्यावर शक ना? असणारच. ती गाडी मलाच घ्यायची होती. खोतसाहेबांच्या वेळेपासून माझ्या हातातली. पण माझ्याकडे अठरा हजार रोख कुठून येणार?"

"तुझ्याकडे तिची किल्ली आहे?"

"डिसेंबरात दोन दिवस गाडी इथे होती. किल्ली बनवायची असती तर बनवली असती. रोटर तर ढिगाने पडलेत, ते बघा." त्याने तेलकट डबा लाथेने सरकवला. "पण मी नेली असती ना साहेब, तर आधी काटा दुरुस्त केला असता. त्या पोराला दहा वेळा सांगितलं, रस्त्यात अडकशील म्हणून." मग त्याने आवाज खाली आणला. "गेल्या वर्षी एकाची स्कूटर अशीच गेली. तीपण शेठच्याच हप्त्यावरची."

खोतांचा मुलगा अय्यूब घरीच भेटला. ओसरीवर खाटेवर त्याचे वडील झोपले होते. अय्यूबने पाहुण्यांना बाजूला नेलं.

"गाडी अब्बांच्या ऑपरेशनसाठी विकली. नंतर वाटलं, चूक केली. मागच्या आठवड्यात इद्रीसला म्हटलं, दोन हजार जास्त देतो, परत दे. नाही म्हणाला."

"मग काल?"

"काल सकाळी आठपासून संध्याकाळपर्यंत ठाण्याला हॉस्पिटलात होतो. अब्बांचे टाके काढले." त्याने वेळ घातलेली चिठ्ठी दाखवली. "किल्ल्या दोन होत्या. एक इद्रीसला दिली, एक शेठने ठेवून घेतली. माझ्याकडे काही उरलं नाही. अब्बा मात्र अजून विचारतात, गाडी धुतली का? मी हो म्हणतो."

बाळाराम शेठच्या पेढीत उदबत्तीचा वास होता. टेबलावर किल्ल्यांचा मोठा जुडगा पडला होता.

"या सगळ्या गाड्यांच्या?" लतीफने विचारलं.

"गाड्यांच्या, गाळ्यांच्या, गोदामांच्या. लोक पैसे नेतात, परत देत नाहीत. मग आमच्या नशिबी किल्ल्याच." शेठ हसला. भिंतीवरच्या खिळ्याकडे त्याने बोट केलं. "तुमच्या पोराच्या गाडीची ती बघा. हलवलीसुद्धा नाही. आणि किल्ली असून फायदा काय? पोरगा इंजिनाचा तुकडा खिशात घालून फिरतो."

"गाडी कशी होती, चांगली?"

"मी कागद बघतो साहेब, गाड्या बघत नाही. त्या गाडीत आजवर बसलोपण नाही."

बाहेर आल्यावर पंढरी म्हणाला, "मोरूच. रोटर हाय, मन हाय, किल्ली पण बनवली असंल."

"आधी गाडी शोधू."

"एवढ्या मुलखात? ती गुजरातला पोचली असंल!"

"चार-पाच किलोमीटरच्या आत आहे," लतीफ म्हणाला.

दोघांनी कारखान्यापासून एकेक रस्ता धरला. कल्याणच्या रस्त्यावर कोणी काही पाहिलं नव्हतं. नाशिकच्या बाजूलाही नाही. ठाण्याच्या रस्त्याला अंजूर फाट्याअलीकडे तेव्हा भाताची खाचरं होती. एखादंच नवं गोदाम मध्येच पांढरं फटक उभं असायचं. बांधावर काही बाया गवताचे भारे बांधत होत्या. पंढरीने हाक मारली, तशी त्यांच्यातली देवकी पुढे आली.

"लाल गाडी? काल बगितली ना. हितंच बंद पडली. आमाला बोलावलं, ढकला म्हनून. पाच जनी मिळून ढकलली, त्या गोदामात. पाच रुपय दिलं."

"कसा होता माणूस?"

"तोंडाला फडका बांधलेला. आत बसून चाक धरलेलं. सारखा काचेवर बोट मारीत व्हता, त्या घड्याळावानी असतं त्याच्यावर. म्हनं, अर्दी टाकी हाय तरी चालत न्हाय, इंजिनच गेलं."

गोदामाला नवं कोरं पितळी कुलूप होतं. दाराच्या फटीतून लाल पत्रा दिसला. पंढरीने देऊळ दिसल्यासारखे हात जोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला लतीफच्या माडीवर सगळे जमले. मोरू दाराला टेकून उभा होता. अय्यूब खुर्चीच्या कडेवर बसला होता. शेठ पंख्याखाली, आणि इद्रीसच्या शेजारी सफिया. दारालगतच्या बाकावर पोलिस ठाण्याचे हवालदार चहा पीत होते.

"गाडी सापडली आहे," लतीफ म्हणाला. सफियाने डोळे मिटले. "कोणी नेली, ते सांगतो. ती नेणाऱ्याला तीन गोष्टी लागू पडतात. पहिली, त्याच्याकडे किल्ली होती, कारण काच फुटली नाही. दुसरी, रोटरची गोष्ट त्याला ठाऊक होती, म्हणून तो दुसरा रोटर घेऊन आला. तिसरी, काटा बिघडलेला आहे हे त्याला माहीत नव्हतं."

"ते कशावरून?" शेठने विचारलं.

"इद्रीसच्या वहीवरून. कोरड्या टाकीत दोन लिटर, म्हणजे चोवीस किलोमीटर. वीस झाले होते. उरले चार. म्हणूनच गाडी जवळ असणार हे मला कळलं. फाट्याजवळ ती बंद पडली, आणि चालवणारा काट्यावर बोट मारत इंजिनला शिव्या देत राहिला. पेट्रोल संपलंय हे त्याच्या डोक्यातच आलं नाही."

त्याने मोरूकडे पाहिलं. "मोरू किल्ली बनवू शकतो. रोटर तर त्यानेच शिकवला. पण काटा बिघडलाय हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नाही. तो बाटलीभर पेट्रोल घेऊन गेला असता. मोरू नाही."

मोरूने खांदे सैल सोडले.

"अय्यूबला गाडी परत हवी होती. काटा तर त्याने विकल्यानंतर बिघडला, म्हणजे तो फसला असता. पण काल नाही, परवा गाडी गेली तेव्हा तो ठाण्याला वडिलांपाशी होता. हॉस्पिटलची चिठ्ठी मी तपासून घेतली. अय्यूब नाही."

"तिन्ही गोष्टी एकाच माणसाला लागू होतात. किल्ली त्याच्या खिळ्यावर. रोटर त्याने स्वतःच्या टेबलावर पाहिला, काल मला त्याबद्दल बोललाही. आणि गाडीत तो कधी बसला नव्हता, म्हणजे काट्याचं त्याला कळायला मार्ग नव्हता. बुधवारी पहिल्यांदाच बसला. गाडी परत विकायची, आणि पोराकडून पंधरा हजारही घ्यायचे. स्कूटरच्या वेळी हेच जमलं होतं."

"बकवास आहे ही!" बाळाराम शेठ उठला. "पुरावा काय?"

"गोदामाला पितळी कुलूप आहे. तुमचा जुडगा घेऊन हवालदारांसोबत चला. एकही किल्ली लागली नाही, तर मी सगळ्यांसमोर तुमची माफी मागेन."

शेठचा हात नकळत खिशावर गेला. तो पुन्हा बसला, आणि बसल्यावर एकदम म्हातारा दिसू लागला. हवालदारांनी कप खाली ठेवला.

"आता मला समजलं," पंढरी पुटपुटला.

"भाई, मग बाकीचे हप्ते?" इद्रीसने विचारलं.

"घेतलेलं कर्ज खरं आहे. ते फेडायचं," लतीफ म्हणाला. "फक्त आता पावती घेऊन, वकिलासमोर."

इद्रीसने ते फेडलं. १९९२ च्या मे महिन्यात शेवटचा हप्ता शेठच्या भावाकडे भरला आणि पुस्तक सोडवलं. तेवढ्यावर तो थांबला नाही. ठाण्याला जाऊन त्याने मालकाच्या रकान्यात नाव घालून आणलं, सफियाचं. मोहल्ल्यात कुजबुज झाली. सफियाने ती ऐकली, आणि अंजूरच्या कापणी झालेल्या खाचरांत गाडी शिकायला सुरुवात केली. पंढरी बांधावर उभा राहून "डावीकडं, डावीकडं" ओरडायचा, आणि ती उजवीकडेच जायची.

पुढे इद्रीस नोकरीसाठी कुवेतला गेला. गाडी भिवंडीतच राहिली. सफिया बायकांना घेऊन ठाण्याच्या दवाखान्यात जायची, पोरींच्या परीक्षेच्या वेळी त्यांना शाळेत सोडायची. मागच्या सीटवर दोघींची जागा, पण चौघी बसायच्या. कधी कधी ती अय्यूबच्या घरासमोर थांबून हॉर्न वाजवायची. मग खोतसाहेब काठी टेकत बाहेर यायचे, पुढच्या सीटवर बसायचे आणि टप उघडायला सांगायचे.