रिजवानच्या जागी

गळीत हंगाम सुरू व्हायच्या आधी एक साधं काम उरलं होतं. इस्लामपूरजवळच्या साखर कारखान्यात, संगणक विभागाच्या खोलीत सृष्टी एकटीच बसली होती. वारलेल्या सहकाऱ्याचा सिस्टीममधला प्रवेश तिला बंद करायचा होता.

रिजवान उन्हाळ्यात कोरेगावच्या रस्त्यावर अपघातात गेला. वजनकाटा, पगार, ऊसनोंद, सगळे प्रोग्राम त्याने कंटेनरांत, म्हणजे वेगवेगळ्या बंद कप्प्यांत, बसवले होते आणि ते सगळे एका क्लस्टरवर, एकमेकांना जोडलेल्या यंत्रांच्या संचावर, चालत. कुठल्या यंत्राने कुणाशी बोलायचं, कुणाचा हुकूम मानायचा, हे त्यानेच ठरवलेलं. दोघं एकाच दिवशी कामाला लागले होते. पण अडचण आली की लोक तिच्या टेबलावरून पुढे जाऊन त्याच्यासमोर उभे राहत. तो गेल्यावरही कार्यकारी संचालक लालासाहेब म्हणत, "रिजवान असता तर..." वाक्य पुरं करायची त्यांना गरजच पडत नसे.

आणि चहावाल्या राहीबाई. दुपारी त्या दोन कप आणत. पहिला रिजवानच्या रिकाम्या खुर्चीपुढे. संध्याकाळी तो भरलेला कप उचलून बाहेरच्या कडुलिंबाच्या बुंध्याशी ओतत.

"अहो राहीबाई, कशाला रोज?"

"ऱ्हाऊ द्या म्याडम. गेलेल्या माणसाला च्या नुसता दावायचा आसतो. त्यो पीत न्हाई."

"मग मला तरी आधी द्या."

"तुमी हायसा की! तुमाला कसली घाई?"

सृष्टीला ते झोंबलं.

रीत अशी, की आधी आपल्या नावाने नवा अधिकार तयार करायचा, तपासायचा, मग जुना काढायचा. तिने तसं केलं नाही. तिला नवं नकोच होतं. त्याचं हवं होतं. जिथे जिथे रिजवान होता तिथे त्याचं नाव पुसून तिने त्याच जागी आपलं लिहिलं. त्याच्या लॅपटॉपसाठी उघडी ठेवलेली नेटवर्कची वाटही आपल्याकडे वळवली.

"आता बघू कुणाला हाक मारतात," ती पुटपुटली.

यंत्रांचे पंखे एकदम थांबले. खोलीत फक्त टाकीतल्या मळीचा गोडूस, आंबट वास उरला. मग पंखे आपोआप फिरू लागले. पडद्यावर सगळीकडे तिचंच नाव होतं.

राहीबाई चहा ठेवून कधी गेल्या ते तिला कळलंच नाही. तिने आपल्यापुढचा कप उचलला आणि तळापर्यंत संपवला. आज आलं जरा जास्तच पडलं होतं.

लालासाहेब आत आले. ती उठून उभी राहिली.

"सर, झालं काम. आता सगळं माझ्याकडे..."

ते तिच्या टेबलावरून पुढे गेले. रिजवानच्या खुर्चीसमोर थांबले.

"झालं का रं, गड्या?" त्यांनी हळूच विचारलं. ऐकल्यासारखी मान हलवली. मग एक सुस्कारा टाकला. "सृष्टी असती तर..."

वाक्य पुरं न करताच ते निघून गेले.

"सर...?"

ऊन उतरल्यावर राहीबाई कप न्यायला आल्या. रिजवानपुढचा कप रिकामा होता, कडेला ओठांचा ओला ठसा. तो त्यांनी सहज उचलला, जणू रोजचंच. मग त्या सृष्टीच्या टेबलाशी आल्या. तिच्यापुढचा कप काठोकाठ भरलेला होता. वर गार साय धरली होती.

"राहीबाई... मी प्यायले तो. आत्ताच प्यायले..."

राहीबाईंनी कप जपून उचलला, थेंबही सांडू दिला नाही. डोळ्याला पदर लावला आणि बाहेर गेल्या.

खिडकीतून सृष्टी बघत राहिली. कडुलिंबाच्या बुंध्याशी चहा हळूहळू मुरत होता. तिच्या घशात आलं अजून चरचरत होतं.