सात नंबरचा हेडसेट

विज्ञानाच्या बाईंनी पहिल्याच दिवशी नव्या सरांची कॉलर धरली, तीही भर वर्गात!

दोष तिचा नव्हता हो. डोळ्यांवर व्हीआरचा हेडसेट, समोर हवेत तरंगणारं दातेरी चाक... ते पकडायला हात पुढे केला आणि हाती आली कॉलर. पोरं खो-खो हसली.

"चाक सापडलं नाही वाटतं?" तो म्हणाला.

"सापडलं की! फार करकरतंय — तेल घाला," म्हणताना ती कानापर्यंत लाल झाली.

गावातल्या पोरांना यंत्रं, पूल शिकवायला तो हे हेडसेट घेऊन तीन महिन्यांसाठी आला होता. पोरांनी त्याचं नाव ठेवलं चष्मेवाले सर. शाळा सुटल्यावर दोघं उद्याचा धडा बसवायचे, मग तो पोरांच्या घामाने ओले झालेले हेडसेट पुसायचा. तिचा सात नंबरचा सगळ्यात शेवटी, अगदी सावकाश. तिच्या लक्षात आलं नसेल? आलं होतं ना!

शेवटच्या दिवशी ती सात नंबर लावून पूल बांधत होती. त्या हेडसेटचा आवाज बंद पडला होता, हे सरांना कुठे माहीत?

"ऐकू येत नाहीये म्हणून बोलतोय," तो हळूच म्हणाला. "सोमवारी पुढची शाळा. तुम्ही बरोबर असता तर... लग्न करून, म्हणजे... जाऊ दे. समोर विचारायची छातीच होत नाही."

तिचा जीव सुपाएवढा झाला. पण घरी बाबा होते. अर्धांगाचा झटका आल्यापासून ते फक्त तिच्याच हातून घास घेत. दुसऱ्या कुणी चमचा पुढे केला की तोंड घट्ट मिटत. तिने मुकाट्याने पुलाचा पुढचा खांब रोवला.

हेडसेट काढून ती लगेच फळा पुसायला वळली. मागे सात नंबरच्या ओल्या कडेशी त्याचं कापड थांबलं.

"बाई... इतका घाम?"

"उकडतंय ना."

दोघांच्याही अंगात स्वेटर होते.

"ऐकलंत?"

"सगळं. माझंही तेच आहे हो... पण बाबांना टाकून कशी येऊ?"

"मग मी थांबतो."

"वेडे आहात का? पुढच्या शाळेतली पोरं वाट बघतायत."

एकेक हेडसेट त्याने खोक्यात ठेवला.

"सात नंबर पुसायचा राहिला," ती म्हणाली.

"राहू दे," तो म्हणाला आणि खोकं बंद केलं.